दोरीवरचं मनुष्यबळ

साथीच्या तिसऱ्या महिन्यात आमच्या संगणकाने असा अंदाज काढला, की वर्षअखेरीस शहरात उणे चार हजार केशकर्तनकार असतील.

आकडा मी तीनदा तपासला. संगणकाचं काही चुकलं नव्हतं. त्या बिचाऱ्याला एकच गोष्ट शिकवली होती: मागची रेघ ज्या दिशेने चालली आहे, त्याच दिशेने ती पुढे ओढायची. एकोणीस वर्षं हे बिनबोभाट चाललं, कारण एकोणीस वर्षांत काही घडलंच नाही. केशकर्तनकार दरवर्षी दीड टक्क्याने वाढायचे, आम्ही दीड टक्का लिहायचो आणि चहा प्यायचो. मग साथ आली, सगळी सलूनं एका सोमवारी बंद झाली, आणि रेघ जी खाली निघाली ती शून्यापाशी न थांबता थेट जमिनीत शिरली.

"उणे चार हजार म्हणजे नेमकं काय हो?" साहेबांनी व्हिडिओवरून विचारलं. साहेब म्हणजे आमच्या मनुष्यबळ अंदाज कक्षाचे प्रमुख. कक्षात ते आणि मी, असे दोघेच होतो.

"म्हणजे सर, आधी चार हजार नवे तयार करावे लागतील. तेव्हा कुठे एकही नसेल."

साहेबांनी ते लिहून घेतलं. लिहून झाल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते बराच वेळ कपाळ चोळत बसले.

"वरून पत्र आलंय," शेवटी ते म्हणाले.

आमच्या अंदाजावरून वरचे लोक एक यादी करत. जे धंदे साथीत बंद पडले, त्यांतल्या माणसांना दर आठवड्याला घरपोच एक खोकं मिळे. त्यात धान्य, तेल, साबण असं काहीबाही असे. एखादा धंदा सावरतोय असं आम्ही लिहिलं, की तो यादीतून बाहेर. पत्रात म्हटलं होतं, की पुढचे दोन अंदाज बरोबर आले नाहीत तर कक्षच बंद करण्यात येईल. साहेबांना दुसऱ्या खात्यात जागा ठरलेली होती. मी एकोणीस वर्षं 'तात्पुरता' होतो, त्यामुळे मला कुठेच नव्हती.

माझी पाचावर धारण बसली. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला अंदाज बांधण्याखेरीज काही येत नसेल, आणि अंदाजही बांधता येत नाही असं निघालं, तर त्याने पुढे काय करायचं, याचा मला अजिबात अंदाज नव्हता.

गल्लीत मला सगळे 'अंदाजपंचे' म्हणतात. मी चिडका आहे असंही म्हणतात. मी चिडका नाही. लोक मला चिडवतात आणि मग मी चिडतो, यात फरक आहे.

आमचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात स्वयंपाकघर, आणि ते दहा ते एक माझ्या बायकोच्या ताब्यात असे. ती शाळेत भूगोल शिकवते आणि साथीपासून तो ओट्यावर फोन उभा करून शिकवत होती. एकदा मी पाणी प्यायला आत गेलो तर छत्तीस मुलांनी मला ज्वालामुखीच्या चित्रासमोर बनियनवर पाहिलं. तेव्हापासून पाण्याचा तांब्या सकाळीच बाहेर येऊ लागला. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, टेबलावर संगणक, आणि खिडकीपाशी आत्याची खुर्ची.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिनेच मला वाढवलं. ती एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती, त्यातली शेवटची अकरा मुकादम म्हणून. चादर नुसती चिमटीत धरून ती किती वेळा धुतली गेली आहे हे आत्या सांगते. पाहुणे आले की आधी त्यांची कॉलर बघते, मग तोंड. माझ्या लग्नात तिने व्याह्यांना पहिला प्रश्न विचारला होता तो इस्त्री कुठे करता हा.

खिडकीसमोर अरुंद गल्ली आणि पलीकडे चार मजली इमारत. मजल्यावर चार अशा सोळा गॅलऱ्या, आणि प्रत्येक गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी. इमारत इतकी जवळ, की समोरच्यांना शिंक आली तर आम्ही तोंड फिरवायचो. पहिल्या मजल्यावरच्या बाई रोज सकाळी साडेआठला वर बघून भांडत, कारण वरच्यांचे कपडे त्यांच्या वाळलेल्या कपड्यांवर ठिबकत. त्यांच्या भांडणावर आम्ही घड्याळ लावायचो. नऊला गल्लीतून हॉस्पिटलची कपड्यांची गाडी जायची. आत्या तिच्याकडे बघून मान हलवायची, ओळखीच्या माणसाकडे बघून हलवतात तशी.

पत्र आलं त्याच सकाळी मी डोकं धरून बसलो होतो, तर आत्या म्हणाली, "बेकरी उद्या उघडणार बघ."

"कोणी सांगितलं?"

"दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने टोपी धुतली. बेकरीतली जाळीची टोपी. दोन महिने दिसली नव्हती. आज धुतली, म्हणजे उद्या घालणार."

"आत्या, माझ्याकडे काम आहे."

"मग कर की. मी कुठे धरलंय."

दुसऱ्या दिवशी बेकरी उघडली.

त्यानंतर आत्या म्हणाली, की लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या निळ्या कपड्यांना ग्रीसचे ताजे डाग आहेत, आणि सामान पोचवणाऱ्या दोघा भावांचे शर्ट आता एक दिवसाआड नव्हे, रोज धुतले जातात. मी फोन करून चौकशी केली. लिफ्टची कामं सुरू झाली होती आणि सामान पोचवणाऱ्या कंपनीने माणसं दुप्पट केली होती. संगणकाच्या मते हे दोन्ही धंदे ऑक्टोबरात नामशेष होणार होते.

मी कोरी वही घेऊन आत्याच्या शेजारी स्टूल ओढलं. महिनाभर ती बोलायची आणि मी लिहायचो. कुणाचा युनिफॉर्म दोरीवर आला, किती दिवसांनी आला, बाहीला घामाची रेघ आहे की नाही, गुडघे झिजलेत का. त्यावरून सहा धंद्यांचा अंदाज काढला. पाठवण्यापूर्वी साहेबांनी विचारलं, "पद्धतीचं नाव काय लिहू?"

"निवासी वस्त्र-वाळवण निरीक्षण."

"आणि स्रोत?"

"आत्या."

साहेब जरा घुटमळले. मग त्यांनी 'वरिष्ठ क्षेत्रतज्ज्ञ' असं लिहिलं.

सहाही धंद्यांचं बरोबर आलं, म्हणजे पहिला अंदाज जमला. वरून कौतुकाचं पत्र आलं आणि त्यात तज्ज्ञांचा पदव्यांसह परिचय मागवला होता. मी आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिही, डाग काढते." आता फक्त आणखी एक अंदाज बरोबर यायचा होता, की माझी नोकरी वाचली. मी त्या आठवड्यात बायकोशी एकदाही वसकन बोललो नाही. तिने मला ताप आहे का म्हणून बघितलं.

आणि मग मी आत्याच्या चष्म्यावर बसलो.

दोष दोघांचा होता. चष्मा खुर्चीवर ठेवायची तिची सवय आणि न बघता बसायची माझी. चष्म्याची दुकानं बंद होती. ती बंद राहतील असा अंदाज आम्हीच दिला होता. चष्म्याशिवाय आत्याला समोरची इमारत म्हणजे भिंतीवर सांडलेल्या भाजीसारखी दिसे.

"मी मोजतो की," मी म्हणालो. "त्यात काय आहे?"

"नुसतं मोजू नकोस. बघ. कॉलर कशी आहे, पाणी कसं निथळतंय, सुरकुती कुठे पडलीय..."

"आत्या, कॉलरचा रकाना नाही."

खरं सांगायचं तर मला तिचं हे कॉलर-पुराण डोक्यावरून जात होतं, आणि मनातून थोडं खुपतही होतं. एकोणीस वर्षांचा अनुभव माझा, आणि कौतुकाचं पत्र वरिष्ठ क्षेत्रतज्ज्ञांना. म्हटलं, हा अंदाज आपला आपण काढू. मी वहीत सुबक रेघा मारल्या, मजल्यावार, गॅलरीवार, आणि खिडकीत बसून मोजायला लागलो.

समोर तिसऱ्या मजल्यावर एक वेटर राहायचा. साठीला टेकलेला, ताठ माणूस. हॉटेल बंद होऊन चार महिने झाले होते तरी तो आपल्या बायकोला चहा द्यायचा तो डाव्या हातावर टॉवेल टाकून, किंचित वाकून. ती कप घेऊन म्हणायची, "मुकाट्याने द्या हो." दोन दिवस मला वहीत लिहिताना पाहून तिसऱ्या दिवशी त्याने गॅलरीतून विचारलं,

"साहेब, चित्र काढताय का?"

खरं तर मी 'नाही' म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण मला 'साहेब' म्हणणारं त्या महिन्यात दुसरं कोणी नव्हतं.

"दोरीवरचे युनिफॉर्म मोजतोय," मी म्हणालो. "सरकारी काम आहे. कोणता धंदा सावरणार, ते यावरून ठरतं."

"ठरतं?"

"माझा अंदाज वर जातो. वरचे लोक त्यावर निर्णय घेतात."

तो विचार करू लागला. टॉवेल हातावर तसाच होता. "म्हणजे माझा कोट दोरीवर दिसला, तर तो कागदावर जाणार?"

"अर्थात."

"आणि मग हॉटेल उघडणार?"

"अगदी तसंच नाही." त्याचा चेहरा पडलेला मला बघवेना. शिवाय आजूबाजूच्या गॅलऱ्यांतही माणसं येऊन उभी राहिली होती. "पण साधारण तसंच," मी म्हणालो.

इतक्या आदराने मला आयुष्यात कोणी नमस्कार केला नव्हता. मी दिवसभर शेखी मिरवत घरात फिरलो.

गुरुवारी वेटरचा पांढरा कोट दोरीवर आला. मी लिहिलं: हॉटेल, एक. शुक्रवारी सकाळी पडदा सारला आणि हातातला कप तसाच राहिला. समोरच्या इमारतीवर एकही मोकळी दोरी नव्हती. चित्रपटगृहातल्या दारवानाचं लाल जाकीट, विमानातल्या मुलीचा गळ्याचा रुमाल आणि टोपी, बँडवाल्याचा सोनेरी झालरीचा कोट, सहल कंपनीच्या वाटाड्याचा छत्रीसकट गणवेश. चौथ्या मजल्यावर एक गंभीर गृहस्थ राहत. त्यांना आम्ही दहा वर्षं वकील समजत होतो. त्यांच्या दोरीवर दोन कानांना दोन चिमटे लावून एक अख्खं अस्वल लटकत होतं. ते करमणूक बागेत मुलांशी हात मिळवायचं काम करत.

"आत्या, तेजी आली," मी ओरडलो. "सगळ्या धंद्यांत तेजी आली. अस्वलसुद्धा आहे."

"ओलं आहे का?" आत्या खुर्चीतून म्हणाली.

"असणारच. दोरीवर आहे म्हणजे ओलं असणारच."

शनिवारी सगळं तसंच. रविवारी दोन पाणबुडे आणि एक सर्कशीतला माणूस वाढला. अकरा धंद्यांच्या समोर मी 'सावरतोय' असं लिहिलं. साहेबांना वाचून दाखवलं तर ते खुर्चीतून उठून परत बसले. "अकरा धंदे," ते म्हणाले. "अहो, चार महिन्यांत अशी बातमी कोणी दिली नाही. सोमवारी अकराला वर पाठवतो. तुमची जागा कायम करा असंही लिहितो."

रविवारी रात्रीचं जेवण होण्याआधी बायकोने चष्मा जोडला. एका काडीच्या जागी शाळेतल्या कंपासपेटीतला कंपास बसवला आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. आत्याच्या कानामागून कंपासचं टोक बाहेर येत होतं, पण दिसत होतं सगळं.

सोमवारी सकाळी ती खुर्चीत बसली आणि बाहेर बघू लागली. मी बाजूला उभा होतो, शाबासकी घ्यायला. तिची नजर एकेका दोरीवरून सरकत गेली.

"हे कपडे कधीचे आहेत?"

"वेटरचा गुरुवारचा. बाकीचे शुक्रवारपासून."

"गुरुवारपासून वाळतायत? एवढ्या उन्हात?" मग ती म्हणाली, "पहिल्या मजल्यावरची बाई भांडली का आज?"

मी घड्याळात बघितलं. नऊ वाजत आले होते. आणि मला आठवलं, की बाई शुक्रवारीही भांडल्या नव्हत्या. शनिवारीही नाही. वरून इतकं ओलं लटकत असताना त्या चार दिवस शांतपणे मिरच्या वाळवत होत्या.

"काही ठिबकत नाहीये," आत्या म्हणाली. "कोटाला घडी बघ. आडवी, मधोमध. पेटीतून काढून तसाच लावलाय. घातलेल्या कपड्याला अशी घडी नसते. आणि ते अस्वल. अरे, एवढं अस्वल भिजलं तर चार माणसं लागतील पिळायला. ती दोरी अस्वलासकट खाली बाईंच्या डोक्यावर आली असती."

मी खिडकीतून वेटरला हाक मारली. तो लगेच आला, टॉवेल हातावर.

"तुमचा कोट धुतलाय का?"

"धुवायचं काय त्यात?" तो म्हणाला. "घातलाच नाही तर मळणार कुठून? तुम्हाला दिसावा म्हणून लावलाय. सगळ्यांना सांगितलं मी. चौथ्या मजल्यावरचे लाजत होते, मीच म्हटलं, लावा हो, अंदाजपंचे मोजतायत. मग साहेब, पोचलं का वर? कधी उघडतंय हॉटेल?"

त्याच्या मागे त्याची बायकोही येऊन उभी राहिली होती. तिने केस विंचरले होते. दोघं माझ्याकडे बघत होते, आणि मला लाज वाटली. कोट दिसला की हॉटेल उघडतं, हे मीच त्यांना सांगितलं होतं. आणि आता तो कागद वर गेला, की अकराच्या अकरा धंदे यादीतून बाहेर. या आठवड्यात खोकी यायची बंद. वेटरचं, बँडवाल्याचं आणि अस्वलाचंही.

"सांगतो," मी म्हणालो आणि आत आलो.

टेबलापाशी डोकं धरून बसलो तो साडेदहा वाजले. कागद वर गेला नाही तर माझी नोकरी गेली. गेला तर निदान महिनाभर तरी टिकत होती, आणि साहेब कायम करा म्हणून लिहिणार होते. कोरडे कपडे मोजले हे कोणाला कळणार होतं? सोळा गॅलऱ्यांचे ते लोक, आणि आत्या. मी आत्याकडे बघितलं. ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती, आणि तिचं हे मुद्दाम दुसरीकडे बघणं मी लहानपणापासून ओळखतो. परीक्षेत कॉपी केल्याचं मी तिला ती असंच दुसरीकडे बघत असताना सांगितलं होतं.

मी साहेबांना व्हिडिओ लावला.

"सर, अंदाज मागे घ्यायचा आहे. कपडे कोरडे आहेत."

साहेब एकदम स्तब्ध झाले. तोंड अर्धवट उघडं, एक हात हवेत. मी थांबलो. ते हलेनात. पडदा अडकला आहे असं त्यांना दाखवायचं होतं, हे माझ्या लक्षात आलं, कारण त्यांच्या डोक्यावरचा पंखा व्यवस्थित फिरत होता.

"सर, पंखा दिसतोय."

साहेबांनी हात खाली घेतला. "मी काही ऐकलं नाही," ते म्हणाले. "अकरा वाजेपर्यंत तुम्ही काही बोलू नका. अकरानंतर काय ते बोला."

"सर, अकरानंतर अस्वलाचं खोकं बंद होईल."

"कुणाचं?"

मी सगळं सांगितलं. वेटर, टॉवेल, घडी, न भांडलेल्या बाई. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मागे घेतला तर कक्ष बंद," ते शेवटी म्हणाले. "तुमचं कसं होणार?"

"माहीत नाही, सर."

"अंदाज?"

"नाही."

"मग अकरा धंद्यांपुढे काय लिहू?"

"लिहा, युनिफॉर्म तयार आहेत. माणसं तयार आहेत. काम नाही."

साहेबांनी लिहिलं. एकोणीस वर्षांत त्यांनी माझं वाक्य काही न बदलता तसंच ठेवलं, ते हे पहिलंच.

शुक्रवारी कक्ष बंद झाला. साहेब कुत्र्यांच्या परवान्यांच्या खात्यात गेले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला फोन करून विचारलं, की पुढच्या वर्षी किती कुत्री असतील असं वाटतं. समोरच्यांना खोकी मिळत राहिली. मी वेटरला जे खरं ते सांगितलं, की मी फेकत होतो, कोट लावल्याने काही उघडत नाही. त्याने दोरीवरचे चिमटे काढले. मग म्हणाला, "चला, कोटाला ऊन तरी लागलं," आणि घडीवर घडी घालून कोट आत घेऊन गेला. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे तीन दिवस मी सवयीने दहाला इस्त्रीचा शर्ट घालून बंद संगणकासमोर बसलो. बायको मधल्या सुट्टीत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून जायची. चौथ्या दिवशी आत्या म्हणाली, "तुझा शर्ट गेले तीन दिवस मी नुसता पाण्यातून काढतेय. मळतच नाही."

मी कॉलर चाचपून पाहिली.

"ती गाडी बघितलीस का?" तिने विचारलं.

"कुठली गाडी?"

"हॉस्पिटलची. आधी सकाळी एकदा जायची. आता दिवसातून चार वेळा जाते. आणि चादरी बघ, नुसत्या गाठोड्यात बांधलेल्या, मागच्या दारातून पाणी गळतंय. म्हणजे धुतल्यात, पण पिळायला माणसं नाहीत. मी एवढे दिवस बघतेय. तू कधी लिहिलंच नाहीस."

"गाडी दोरीवर नव्हती," मी म्हणालो.

वहीत धुलाईचा रकाना होता. संगणकातही होता. एकोणीस वर्षं मी त्यापुढे 'बदल नाही' असं लिहीत आलो होतो, कारण त्याबद्दल कधी कोणी विचारलंच नव्हतं. घरात एकतीस वर्षांची मुकादम बसली होती, आणि मीसुद्धा विचारलं नव्हतं.

आत्याने फोन केला. तिच्या हाताखाली शिकलेली बाई आता तिथे मुकादम होती. तिने दोनच प्रश्न विचारले: येणाऱ्या माणसाला पिळता येतं का, आणि तो फार बोलतो का. पहिल्याला आत्या म्हणाली, शिकेल. दुसऱ्याला म्हणाली, पिळताना दम लागला की गप्प बसेल.

पहिल्या दिवशी मी साडेतीनशे चादरी पिळल्या. मोजल्या नव्हत्या, मुकादमबाईंनी सांगितलं. हातांना फोड आले, पाठीचा पार खुळखुळा झाला, आणि दुपारी एका कोपऱ्यात बसून पाणी पिताना माझ्या लक्षात आलं, की मला सकाळपासून एकदाही भीती वाटलेली नाही. घरी आलो तेव्हा आत्याने एप्रन काढून घेतला, गळ्यापाशी धरून उजेडात बघितला, आणि परत माझ्या हातात देऊन बादलीकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या दोरीवर तो निळा एप्रन वाळत घातला. समोर तिसऱ्या मजल्यावर वेटर उभा होता. डाव्या हातावर टॉवेल, आणि टॉवेलवर उघडी वही. पेन्सिल त्याने कानामागून काढली.

"साहेब, हा एप्रन तुमचा?"

"माझा."

तो लिहायला वाकला, आणि थांबला. मान वर करून त्याने एप्रनकडे नीट बघितलं, आधी वर, मग खाली.

"ओला आहे का?"

मी उत्तर देणार, इतक्यात आमच्या खालच्या मजल्यावरून कोणीतरी वर बघून भांडायला लागलं.

"आहे," वेटर म्हणाला, आणि त्याने लिहून घेतलं.